भाचा ट्रेलरवर जातो

ट्रक रस्त्यावर यायला जे जे लागतं ते सगळं पुण्यात मिळतं. पिंपरीत टाटांचे ट्रक बनतात, चाकणला महिंद्राचे. ते विकण्याआधी हलवून, आपटून, धूर मोजून बघणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून कोथरूडच्या बाजूला बसलेली आहे. रोज सकाळी तिच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना त्या चार अक्षरांचा अर्थ मात्र विचारू नका, त्यांच्या लेखी ते टेकडीचंच नाव आहे. रस्ता वाहतुकीचा अभ्यास करणारी सीआयआरटी 1967 पासून भोसरीत आहे. सुटे भाग म्हणाल तर भोसरीच्या कुठल्याही गल्लीत हात घाला, काहीतरी गोल आणि तेलकट हाताला लागेल. एवढं सगळं जमून आल्यावर गाडीत बसून ती चालवायला माणूस लागतो, आणि तिथं आपलं शहर छताकडे बघू लागतं. तो माणूस बीडहून येतो, लातूरहून येतो, उत्तर प्रदेशातून नाहीतर राजस्थानातून येतो. पुण्याचा मुलगा ट्रकचं डिझाइन करेल, ट्रकचं सॉफ्टवेअर लिहील, ट्रकमुळे वाहतूक कशी तुंबते यावर वर्तमानपत्रात पत्र पाठवेल. चालवणार नाही.

त्यामुळे मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या माझ्या भाच्यानं चाकणची ट्रेनीची नोकरी सोडून "मी ट्रेलरवर जाणार" असं जाहीर केलं, तेव्हा भाऊजींना पहिला प्रश्न सुचला तो "कुठल्या पिक्चरच्या?" हा.

भाच्यानं शांतपणे समजावून सांगितलं. पुढं इंजिन आणि केबिन, त्याला धंद्यात घोडा म्हणतात. त्याच्यामागं जोडलेली लांबलचक लोखंडी पाटी. वर टप नाही, बाजूला फाळके नाहीत, म्हणून ती फ्लॅटबेड. जे कशातच मावत नाही ते तिच्यावर जातं. पोलादाची गुंडाळी, क्रेनचे भाग, बॉयलर, तळेगावात तयार झालेला नवा कोरा पिवळा जेसीबी. नियमानं घोडा आणि ट्रेलर मिळून पावणेएकोणीस मीटर लांबी चालते आणि मालासकट 55 टनांपर्यंत वजन. "तुला साधी अ‍ॅक्टिव्हा घराच्या पार्किंगमध्ये सरळ लावता येत नाही," ताई म्हणाली. हे खरं होतं, पण मुद्दा तो नव्हता.

"कंपनीत मी आठ तास तोच नट आवळतो, मामा," भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला. "इथं निदान रस्ता बदलत राहतो."

घरात जी सभा भरली तिचा वृत्तांत सांगत नाही. पेन्शन, पाठदुखी, व्यसनं, लग्न आणि लोक हे पाच विषय झाले. लग्नाला सगळ्यात जास्त वेळ दिला गेला. मी भाच्याच्या बाजूनं एकदाच तोंड उघडलं. नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याची पदवी असताना ट्रकवर गेल्या, नवरा गेल्यावर दोन मुलं त्यांनी ट्रक चालवून वाढवली, हे मी सांगितलं. ताई म्हणाली, "त्यांच्यावर वेळ आली होती रे. याच्यावर कुठली वेळ आलीय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग कोणी विचारलं तर "ऑटोमोबाईलमध्ये आहे" असं सांगायचं ठरलं आणि सभा चहा घेऊन संपली.

हेवीच्या लायसनचा रस्ता कागदावर अगदी सोपा आहे. वय वीस पूर्ण हवं, साधं चारचाकीचं लायसन हातात येऊन वर्ष झालेलं हवं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. म्हणजे भाच्यानं डिप्लोमाची मार्कशीट नेली काय आणि न नेली काय, खिडकीच्या आतल्या माणसाला सारखंच. त्यानं ती नेली होती. माणसानं ती उलटी करून बघितली, मागं काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि परत दिली.

खरी पंचाईत लायसननंतर सुरू होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या म्हाताऱ्या ट्रकवर गिअर टाकायला शिकता येतं, ट्रेलर शिकता येत नाही. ट्रेलर शिकायला ट्रेलर लागतो, आणि आपला पन्नास टनांचा ट्रेलर नवशिक्याच्या हातात देऊन त्याला शहाणं करून सोडायची हौस कुठल्याच मालकाला नसते. प्रत्येक जण म्हणतो, आधी दुसरीकडे अनुभव घेऊन या. दुसरीकडेही हेच म्हणतात. हे कोडं आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वी सोडवून ठेवलंय. क्लीनर व्हायचं. एखाद्या उस्तादाच्या शेजारी बसायचं, काच पुसायची, चहा आणायचा, टायर बघायचे, आणि रात्री कुठंतरी मोकळ्या सरळ रस्त्यावर उस्तादांना वाटलं तर ते म्हणतात, "घे, बस जरा." यात फॉर्म नाही, फी नाही, आणि प्रमाणपत्र म्हणून उस्ताद घोरायला लागतात. ते झोपले म्हणजे तुम्ही पास.

भाच्याला निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत मिळालेले उस्ताद बीड जिल्ह्यातले. गाडीवर येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की लोणावळ्याला ते अजून "बोगदे नव्हते तेव्हा" असं म्हणत. डिप्लोमाबद्दल ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "टायर ऐकता येतो का?" मग लोखंडी दांडका घेऊन त्यांनी बावीसच्या बावीस टायरांवर एकेक ठोका मारला. टणक आवाज आला तर हवा ठीक, भद्द आवाज आला तर कमी. भाचा म्हणाला, यासाठी सेन्सर मिळतात. उस्ताद म्हणाले, "हाच."

पहिल्या लांबच्या फेरीच्या दिवशी ताईला गाडीची पूजा करायची होती. घर कोथरूडच्या गल्लीत आणि गाडी पावणेएकोणीस मीटर. शिवाय जड वाहनांना दिवसा शहरात मनाई. सैन्यानं शहराबाहेर तळ ठोकावा तसा ट्रेलर निगडीला थांबलेला होता, म्हणून औक्षणाचं तबक घेऊन घरच तिकडं गेलं. ताई, भाऊजी, आजी आणि मी, दोन रिक्षांतून. आजूबाजूच्या गाड्यांवरचे क्लीनर कामं सोडून बघत होते. ताईनं घोड्याला कुंकू लावलं, चाकाला लावलं, उस्तादांनाही लावलं. ते एवढे गांगरले की त्यांनी तोंडातला तंबाखू गिळला असावा. नारळ फोडायला जागा शोधावी लागली नाही, पाटी चाळीस फूट मोकळीच होती. आजीनं केबिन बघायचा हट्ट धरला. तिला तिघांनी वर चढवलं, तिनं सीटवर बसून पुढच्या काचेतून सगळी ट्रान्सपोर्ट नगरी न्याहाळली आणि विचारलं, "सगळं छान आहे रे, पण संडास कुठाय?"

त्या दिवसापासून आजतागायत या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. वाहतूक क्षेत्रावर मोठमोठे अहवाल निघतात. ते काढणाऱ्यांनी आधी आजीला भेटावं.

ताईनं चेन्नईपर्यंत पुरतील एवढ्या दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या साताऱ्यापर्यंत पुरल्या, कारण उस्तादांनाही आवडल्या. पुढं केबिनमधला छोटा गॅस आणि भाचा. घरी ज्यानं पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता तो तुमकूरच्या अलीकडून आईला फोन करून विचारू लागला, मोहरी आधी की हिंग आधी. ताईच्या विरोधाला पहिला तडा गेला तो इथं. "निदान वरण तरी यायला लागलं," असं ती भिशीत सांगताना मी ऐकलं आहे. सून कोण होईल याची काळजी कायम होती, पण तिला आता आयता स्वयंपाक्या मिळणार या विचारानं ताई थोडी खट्टू व्हायची.

आता माल बांधण्याबद्दल, कारण फ्लॅटबेडचं सगळं शास्त्र तिथं आहे. कंटेनरचा ड्रायव्हर दार लावून निघतो. बल्करवाला झाकण लावतो. फ्लॅटबेडवाल्याला मात्र दर वेळी नवीन कोडं. माल गोल, चौकोनी, तिरका, एका बाजूला जड, आणि कधी कधी स्वतःलाच चाकं असलेला. साखळ्या, पट्टे, दोर, ताडपत्री, लाकडी ठोकळे एवढ्या सामानावर त्याला चेन्नईपर्यंत जागेवर बसवून न्यायचं. यात सगळ्यांत वाईट म्हणजे पोलादाची कॉइल. डोलवीच्या कारखान्यातून निघून बोरघाट चढून ती चाकण, रांजणगावला येते आणि तिथं तिच्यापासून मोटारींचे दरवाजे आणि फ्रिजचे पत्रे होतात. एकेक कॉइल वीस-वीस टनांची, गोल, आणि तिचं तोंड ड्रायव्हरच्या पाठीकडे. मध्ये केबिनचा पत्रा. भाच्यानं पहिल्या दिवशी घर्षणाचं गणित मांडून दाखवलं की अमुक इतक्या साखळ्या पुरतात. उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. अजून दोन टाक. गाडीला ब्रेक आहे, कॉइलला नाही."

हे वाक्य एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. तिथं सध्या आइन्स्टाइनची जी वाक्यं लावतात त्यातली निम्मी त्यानं म्हटलेलीच नसतात.

मागं गाडी घेणं हे दुसरं शास्त्र. ट्रेलर रिव्हर्स घेताना शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ते वळायला लागलं की लगेच उलट फिरवावं लागतं, नाहीतर घोडा आणि पाटी एकमेकांकडे तोंड करून बसतात. माणसं मदतीला येतात ती वेगळीच. चाकणमध्ये कुठंही ट्रेलर मागं घेऊन बघा. चहाच्या टपरीवरून उठून चार जण मागं उभे राहतात आणि चौघंही "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात, चार वेगवेगळ्या दिशांना. भिंतीला लागल्यावर ते चौघं पुन्हा चहाला जातात.

भाचा सांगतो, या धंद्यात गाडी चालवणं निम्मंच असतं, बाकीचं थांबणं. चाकणचा तळेगाव चौक ओलांडायला थांबायचं. कंपनीच्या दारात नंबर लागेपर्यंत थांबायचं. एका कारखान्याबाहेर (नाव कशाला घ्या) तो असाच थांबला होता. आत जायचं तर सेफ्टी शूज हवेत, हेल्मेट हवं, चमकणारं जाकीट हवं, ते सगळं त्यानं घातलं. मग कळलं की ड्रायव्हरला आतलं स्वच्छतागृह वापरायला मनाई आहे, आणि गाडी सोडून बाहेर जायलाही मनाई आहे. तक्रार करायची तर त्यासाठी सूचनापेटी होती. ती आत होती.

एक कायदा होता, 1961 चा, म्हणजे पानशेतचं धरण फुटलं त्याच वर्षाचा. तो 2025 मध्ये रद्द झाला. मोटार वाहतूक कामगारानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम करावं, पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती घ्यावी, असं त्यात लिहून ठेवलं होतं. उस्तादांना भाच्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "परत वाच."

केबिनमधल्या गारव्याचंही तसंच. नाशिकची द्राक्षं कित्येक वर्षं थंडगार गाडीतून बंदरावर जातायत. त्यांना जराही ऊन लागू नये म्हणून पारा बघत बघत गाडी चालवणारा माणूस पुढं बनियनवर घामाघूम. मालाला एसी आणि माणसाला खिडकी ही आपली रीत. शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. भाच्याची गाडी त्याआधीची. त्यानं ताईकडून पाण्यात भिजवायचा पंचा नेलाय.

लांबचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागतं, आणि त्याला मुदत असते. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस. पण माल गाडीच्या मापाबाहेर गेला, तर 20 किलोमीटरमागे एक दिवस. पवनचक्कीचं पातं असं मापाबाहेरचं असतं, पुष्कळदा साठ मीटरच्या वर. उस्तादांनी तेही नेलंय. गावोगावी विजेच्या तारा उचलून धरायला बांबू घेतलेला माणूस वर बसवतात, चौकातले फलक काढतात, पातं गेल्यावर परत लावतात. दिवसाला 20 किलोमीटरचा हा हिशोब मला पहिल्यांदा चुकीचा छापलाय असं वाटलं. माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून, अभंग म्हणत, थांबत, जेवत संध्याकाळी सासवडला पोचते, तेसुद्धा याहून बरंच जास्त अंतर होतं. पायी चालणाऱ्या वारकऱ्यांवर सरकारचा जेवढा विश्वास दिसतो तेवढा आपल्या रस्त्यांवर नाही, आणि ते बरोबरच आहे.

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी संप केला. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध होता तो. पुण्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, बाटल्या निघाल्या, एकमेकांची आई-बहीण निघाली. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ पंपावर तावातावानं विचारत होते की पंप पेट्रोलचा आहे तर पेट्रोल संपलंच कसं? ते कुणीतरी टँकरमधून, रात्रभर जागून आणतं ही बातमी त्यांना त्या दिवशी लागली. संप लगेच मिटला, ते कलम सरकारनं बाजूला ठेवलं आणि गृहस्थ पुन्हा पूर्ववत झाले.

आणि मग घरात क्रांती झाली. ती केली जर्मनीनं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, इथून कुशल मनुष्यबळ तिकडं पाठवायचं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन वगैरे यादी होती, आणि त्या यादीत ट्रक ड्रायव्हरही होते. ही बातमी भाऊजींनी मोठ्यानं वाचली. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग ताईनं विचारलं, "म्हणजे ट्रेलरसुद्धा?" ट्रेलरसुद्धा. त्या क्षणापासून मुलगा "ऑटोमोबाईलमध्ये" राहिला नाही, उघडपणे ट्रक ड्रायव्हर झाला. मॅक्सम्युलर भवनच्या जर्मन वर्गाची चौकशी झाली. ज्या काकूंनी सभेत "आपल्यात कोणी ड्रायव्हर झालं नाही" असं ठणकावलं होतं, त्यांनी भाचीचं स्थळ सुचवलं. घोडा तोच, चाकं तेवढीच, कॉइलही तिकडं गोलच असणार. फक्त बोरघाटाच्या जागी ब्लॅक फॉरेस्ट आलं आणि सगळ्या घराला पाठदुखीचा विसर पडला.

भाचा गेलेला नाही. त्याला अजून उस्तादांकडून कात्रजचा उतार पुरता शिकायचाय, असं तो म्हणतो. यावर मी हसणार होतो, पण तो हसत नव्हता.

नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत गाडी आपोआप धावते. मालक डिझेल मोजून देतो. भरलेल्या ट्रेलरला लिटरमागं तीन किलोमीटर मिळाले तरी खूप, म्हणून वाचलेला प्रत्येक लिटर हा पैसा. मग काही जण त्या उतारावर गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये अशाच एका भरलेल्या गाडीनं कितीतरी वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथंच कंटेनर अनावर झाला, आग लागली, माणसं गेली. उस्तादांचा नियम जुना आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, ओव्हरटेक करून वळून बघतात. उतरू दे हळूच.

परवा मी त्याला फोन केला तेव्हा तो तिथंच होता. "मामा, ठेवतो," म्हणाला, "पुढं मामा उभे आहेत."

तर बाह्यवळणावरून स्कूटर किंवा मोटार नेणाऱ्या तमाम पुणेकरांना एक विनंती. उतारावर ट्रेलरच्या पुढं मोकळी जागा दिसली, की ती आपल्यासाठीच राखून ठेवलीय असं वाटून आपण तिच्यात शिरतो आणि वर ब्रेक दाबतो. ती जागा त्यानं पन्नास टन थांबवण्यासाठी सोडलेली असते. तिथं घुसू नका. मागच्या केबिनमध्ये कुणाचा तरी भाचा असतो, आणि त्याच्या पाठीमागं कॉइल.